पाण्यावरचे पान

मराठी माणसाच्या मनातला बेडूक हा साचल्या पाण्याचा बेडूक आहे. मृगाची पहिली दमदार सर कोसळली की तो खाचरात, विहिरीपाशी, शाळेच्या मैदानावर तुंबलेल्या पाण्यात प्रकट होतो, रात्रभर गळा फुगवून ओरडतो, सकाळी पोरांच्या खड्यांचे लक्ष्य होतो आणि पावसाळा सरला की मातीआड जातो. पावसाने ओढ दिली की लिंबाच्या डहाळ्यांत बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार मिरवला जातो तोही हाच. आपल्या म्हणी, आपली बडबडगीते, आपली चेष्टा, सगळे या एका बेडकावर पोसलेले आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, जिथे दाट झाडीतून ओढे खडकांवरून उड्या घेत उतरतात, तिथे राहणाऱ्या बेडकाला या साऱ्यात कधी जागा मिळाली नाही. याचे कारण साधे आहे. तो लहान आहे, रात्रीचा आहे, त्याची हाक पाण्याच्या खळखळाटात हरवते आणि आपल्या शेताच्या बांधावर तो कधीच येत नाही.

त्याचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ आणि शास्त्रीय नाव निक्टिबॅट्राकस हुमायुनी. या लेखापुरते मी त्याला रातबेडूक म्हणणार आहे. नावात बॉम्बे असले तरी मुंबई शहराशी त्याचे काही नाते नाही. ते बॉम्बे म्हणजे जुने मुंबई राज्य. महाबळेश्वर, खंडाळा, कोयनेचे खोरे अशा उत्तर सह्याद्रीतल्या भिजऱ्या पट्ट्यात तो राहतो आणि या पट्ट्याबाहेर जगात कुठेही राहत नाही. पूर्ण वाढलेला रातबेडूक साधारण चार-साडेचार सेंटीमीटरांचा असतो. रंग तपकिरी, कधी मातकट, कधी काळपटाकडे झुकणारा. अंगावरची कातडी सुरकुतलेली. बोटांच्या टोकांना निसरड्या पृष्ठभागावर पकड देणाऱ्या लहान चकत्या. डोळा मात्र एकदा पाहिला की विसरता येत नाही, कारण त्यातली बाहुली गोल नसते, पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखी उभट, चौकोनी असते. दिवसभर तो ओढ्यातल्या दगडांखाली किंवा कपारीत बसून असतो. महाबळेश्वरच्या ज्या पाण्यात पाय सोडून लोक कणसे खातात, त्याच पाण्यातल्या दगडाखाली हा प्राणी संध्याकाळ होण्याची वाट पाहत असू शकतो, हे तिथल्या गर्दीपैकी कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

शास्त्राला तो ठाऊक झाला १९५५ साली. भादुरी आणि कृपलानी या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिले. अब्दुलअली हे पेशाने व्यावसायिक, नात्याने सलीम अली यांचे आप्त आणि वृत्तीने अत्यंत काटेकोर पक्षीनिरीक्षक. १९५१ साली मुंबई राज्यात वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पक्ष्यांच्या माणसाचे नाव बेडकाला मिळावे यात योगायोग असेल, पण पुढे त्यांनी त्या नावाचे ऋण फेडले असे म्हणावेसे वाटते. भारतातून त्या काळी बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर परदेशी जात असत. युरोप-अमेरिकेतल्या हॉटेलांत त्यांना मागणी होती आणि आपल्याकडच्या भातखाचरांतले मोठे बेडूक पोत्यांनी पकडले जात होते. जो बेडूक शेतातले किडे फुकट खातो त्याला विकून आपण परकीय चलन मिळवतो आणि मग किड्यांसाठी कीटकनाशके विकत आणतो, या उलट्या हिशेबावर अब्दुलअलींनी १९८०च्या दशकात हिरिरीने लिहिले. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. तंगड्यांसाठी मारला जाणारा बेडूक वेगळा आणि त्यांच्या नावाचा बेडूक वेगळा, हे खरे. आमच्या रातबेडकाच्या तंगड्यांत एका घासाचेही मांस नाही. तरीही देशातल्या बेडकांची बाजू घेणारा माणूस आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा बेडूक ही जोडी मला समाधान देते.

त्याचे घराणे फार जुने आहे. निक्टिबॅट्राकस या प्रजातीतले सगळे बेडूक पश्चिम घाटातच आढळतात. २०११ साली दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्यांची नव्याने छाननी करून एका दमात बारा नव्या जाती मांडल्या. त्यांपैकी एक उत्तर सह्याद्रीतलीच असून तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले आहे. २०१७ साली आणखी सात जातींची भर पडली आणि एकूण संख्या ३५ झाली. त्या सातांपैकी काही इतक्या चिमुकल्या आहेत की पूर्ण वाढलेला बेडूक अंगठ्याच्या नखावर मावतो. ही शाखा सात ते आठ कोटी वर्षांपूर्वीची असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या दख्खनचा काळा कातळ लाव्हारसातून ओतला गेला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे रातबेडूक ज्या दगडाआड दिवस काढतो, त्या दगडाहून त्याचे कूळ वयाने मोठे आहे. ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा मी ती घरात, कार्यालयात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना, सर्वांना सांगून झाले. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “असंल की. बेडकं काय आजची हायेत व्हय?”

इतक्या जुन्या घराण्याने पकडून ठेवलेली जागा मात्र अगदी चिंचोळी आहे. वाहत्या ओढ्याचे पाणी, त्यातले दगड आणि त्या पाण्यावर झुकलेली झाडी, एवढेच त्याचे जग. एरवी बेडूक पाण्यात अंडी घालतात. रातबेडकाची मादी ती पाण्यात घालत नाही. ओढ्यावर वाकलेल्या एखाद्या पानावर, फांदीवर किंवा खोडावर ती अंड्यांचा पुंजका ठेवते. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा ओढा तासाभरात रंग बदलतो. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी दगड गडगडवत नेते. अशा पाण्यात घातलेली अंडी खाली वाहून जातील, आणि न वाहिली तरी माशांच्या तोंडी पडतील. म्हणून ती पाण्याच्या वर, पण पाण्यापासून दूर नाही. पानावर सतत तुषार उडत राहतात, धुके असते, झाडीवरून थेंब गळत असतात, त्यामुळे अंड्यांभोवतीचा चिकट थर सुकत नाही. आतली पिल्ले वाढली की बाहेर पडून थेट खालच्या पाण्यात टपकतात आणि मग बेडूकमासा म्हणून पुढचे आयुष्य ओढ्यात काढतात. या व्यवस्थेचा विचार करू लागले की पानाच्या जागेचे गणित किती नाजूक आहे हे ध्यानात येते. पान फार खाली असेल तर पूर ते गिळतो, ओढ्यापासून बाजूला असेल तर पिल्ले कोरड्या दगडावर पडतात आणि वरची सावली विरळ असेल तर पावसाने दोन दिवस उघडीप देताच अंडी वाळतात.

या पानावर नेमके काय घडते, हे नीट कळायला २०१६ साल उजाडावे लागले. एस. डी. बिजू, वरद गिरी, बेल्जियमचे बर्ट विलार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेजवळच्या हुंबरळी गावाच्या परिसरातल्या एका ओढ्यावर २०१० ते २०१२ या काळातल्या पावसाळ्यांत चाळीस रात्री बसून निरीक्षणे केली आणि ती २०१६च्या जूनमध्ये प्रसिद्ध केली. बेडकांच्या मिलनात नर मादीला पाठीवरून मिठी मारतो, मादी अंडी सोडते आणि त्याच वेळी नर त्यांवर शुक्राणू सोडतो, हा सर्वसाधारण प्रकार. मिठी काखेत मारायची की कमरेला, डोक्यापाशी, की दोघांनी पाठ फिरवून बसायचे, असे फरक जातीजातींत असतात. आफ्रिकेतल्या काही गोल गरगरीत बेडकांत तर नराचे हात मादीच्या अंगाला पोहोचत नाहीत म्हणून तो चिकट स्रावाने तिला अक्षरशः चिकटून बसतो. जगातल्या सुमारे ७,००० जातींत असे सहाच प्रकार माहीत होते. त्याआधीच्या काही निरीक्षणांवरून रातबेडूक मिठी मारतच नाही, असेही नोंदले गेले होते.

कॅमेऱ्यात आलेले दृश्य वेगळेच होते. मादी नराच्या जागेवर येते. नर तिच्या पाठीवर येतो, पण तिला धरत नाही. त्याचे हात पानावर, फांदीवर किंवा खोडावर टेकलेले असतात आणि तिच्यावर तो जेमतेम ओणवा असतो. त्या अवस्थेत तो तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि खाली उतरून बाजूला होतो. त्यानंतर, दोघांचा एकमेकांना स्पर्श नसताना, मादी अंडी घालते. तिच्या पाठीवरून आणि मागच्या पायांवरून ओघळत आलेले शुक्राणू अंड्यांपर्यंत पोहोचतात. ती मागचे पाय अंड्यांभोवती पसरून काही वेळ निश्चल बसून राहते. हा सातवा प्रकार. बातमी बाहेर आली तेव्हा वर्तमानपत्रांनी कामसूत्राची आठवण काढून हात धुऊन घेतले आणि दोन दिवसांत विषय संपला. मला त्या मथळ्यांचा राग आला असे नाही, पण खरी नवलाई त्यांच्या हातून निसटली. एका उभ्या, ओल्या, वाऱ्याने हलणाऱ्या पानावर दोन जीवांना तोल सांभाळायचा आहे. दोघांनी एकमेकांना घट्ट धरले तर दोघेही ओढ्यात जाण्याची भीती. नराचे हात पानावर का असतात याचे उत्तर मला पाहता क्षणी त्या पानात दिसते. अभ्यासकांनी हे कारण म्हणून मांडले आहे असे मी म्हणत नाही. हा माझा अंदाज, आणि तो ओढ्याकाठी उभे राहून केलेला आहे.

त्याच निबंधात आणखी एक नोंद होती, जिच्याकडे मथळ्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. या जातीत मादीही हाक देते. बेडकांच्या जगात ओरडणे हे नराचे काम मानले जाते. तोवर जगभरात जेमतेम पंचवीस जातींत मादीचा आवाज नोंदला गेला होता. शिवाय पानावरची अंडी खाणारा सापही अभ्यासकांनी पाहिला. पाण्यातल्या माशांपासून वाचण्यासाठी अंडी वर ठेवली, तर वर साप आला. कुठेही गेले तरी कर चुकत नाही.

मी स्वतः प्राणिशास्त्राची नव्हे. कराडमध्ये हिशेब तपासण्याचे काम करते आणि प्रीतिसंगमावर फिरायला जाणाऱ्या हजारोंपैकी एक आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना तिथे कृष्णेला येऊन मिळते. समोरून वाहणाऱ्या गढूळ पाण्याच्या वरच्या टोकाला असे काही जगते, हे कळल्यावर तिकडे जाणे अटळच होते. बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारी एक मैत्रीण आहे, तिच्यामागे मी जाऊ लागले. अभयारण्यात रात्री प्रवेश नसतो, आणि तो नसावाच. म्हणून आम्ही गावाच्या हद्दीतल्या, खासगी रानातून येणाऱ्या एका ओढ्यावर, ज्यांचे रान त्यांना सांगून, त्यांच्याच सोबतीने जात होतो. ते सत्तरीच्या आतबाहेरचे, अंगावर इरले नाही तर खताच्या पोत्याची खोळ, हातात काठी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पहिल्या भेटीत आमचे येण्याचे कारण ऐकून ते म्हणाले होते, “बेडूक बघाया एवढ्या लांब आला, ताई? आमच्या परड्यात या की. घमेलंभर दावतो.”

त्या ओढ्यावर रात्री काय दिसते ते थोडे तपशिलाने सांगायला हवे. बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधलेला, म्हणजे उजेड मंद. पायांत गमबूट, मोज्यांत तंबाखूची भुकटी, तरी जळवा चढायच्या त्या चढतातच. पाण्याचा आवाज इतका भरून असतो की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी वाकावे लागते, आणि त्या आवाजाच्या पोटात कुठेतरी एक बारीक, तुटक हाक असते. ती कानाला आधी लागत नाही. मैत्रीण बोट दाखवते, आपण मान हलवतो आणि ऐकू मात्र काहीच आलेले नसते. पुष्कळ वेळाने, एकदा ती सापडली की मग ओढ्याच्या दोन्ही अंगांनी, गुडघ्याच्या उंचीवर, डोक्याच्या उंचीवर, पलीकडच्या खडकाशी, ती जागोजाग असल्याचे ध्यानात येते. एका कारवीच्या पानावर नर बसलेला होता. पान पाण्यावर हातभर उंच, जरा खाली कललेले. तो त्याच्या मधल्या शिरेवर आडवा, पुढचे हात पसरून. श्वासागणिक गळ्याखालची कातडी हलत होती. उजेड अंगावर पडला तेव्हा तो गप्प झाला. आम्ही बॅटरी फिरवून घेतली, आणि थोड्या वेळाने अंधारातून, त्याच जागेवरून, पुन्हा हाक आली.

वरच्या अंगाला एका पानावर अंडी होती. नितळ चिकट पुंजका, पानाच्या टोकाकडे सरकलेला, आणि प्रत्येक अंड्यात आकाराला आलेला एकेक जीव. डोके आणि शेपूट वेगळे कळत होते. मैत्रिणीने भिंग धरले तेव्हा त्यांतला एक आतल्या आत गर्रकन वळला. पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमत होता, मोठा होत होता, पडत होता, नवा जमत होता. मामा काठीवर हनुवटी टेकून पाहत होते. त्यांनी जन्म त्या ओढ्यापाशी काढलेला. बराच वेळ निरखून ते म्हणाले, “ह्यो आमच्या परड्यातला न्हवं. ह्यो वड्याचाच.” मग जरा थांबून, “मंजे ह्ये पान गळलं, तर खेळ खल्लास.” इतक्या थोडक्यात या बेडकाचे पर्यावरणशास्त्र मला कोणी सांगितले नव्हते.

जंगल वाचवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाडे येतात, डोंगरउतार येतात, फार तर वाघ येतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ साली पश्चिम घाटातली निवडक स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर तर २००१पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. हे सगळे हवेच आहे. परंतु रातबेडकाला लागणारी जागा ही जंगल नव्हे आणि ओढाही नव्हे, ती या दोहोंच्या मधली हात-दोन हातांची पट्टी आहे, आणि आपल्या कोणत्याच कागदावर तिला नाव नाही. वनखात्याच्या नकाशात ती रानात मोडते, पाटबंधाऱ्यांच्या नकाशात नाल्यात आणि गावाच्या बोलण्यात ‘झाडोरा’ म्हणून साफ करण्याच्या यादीत. उतारावरचे एकही मोठे झाड न तोडता, ओढ्याचे पाणी एक थेंबही न अडवता, नुसता काठ साफ केला तरी हा बेडूक त्या ओढ्यातून जाऊ शकतो. दुरून छायाचित्र काढले तर काही बदलले आहे असे दिसणारही नाही.

काठ साफ होतो तो बहुतेक वेळा सद्‌हेतूने. पाणी मोकळे वाहावे म्हणून ओढ्याचे खोलीकरण आणि रुंदीकरण होते. माणदेशातल्या कोरड्या ओढ्यासाठी योग्य असलेला उपाय पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्यावर जसाच्या तसा आणला जातो आणि पोकलेन दोन दिवसांत दोन्ही दरडी सरळ करून निघून जातो. धबधब्याच्या ठिकाणी सुशोभीकरण होते: दगडी पायऱ्या, रेलिंग, रात्री रंगीत झोत. रस्ता रुंद होतो तेव्हा जुनी दगडी मोरी जाऊन सिमेंटचे पाइप येतात आणि मोरीच्या दोन्ही तोंडांना वीस-पंचवीस फूट मोकळे केले जाते. वरच्या अंगाला रिसॉर्ट उभे राहिले की ओढ्याच्या झऱ्यातून काळा पाइप खाली येतो. पावसाळ्यात त्याने काही बिघडत नाही, पण दिवाळीनंतर ज्या डोहांत बेडूकमासे वाढत असतात ते डोह महिनाभर आधी आटतात. आणि सुट्टीच्या दिवशी येणारी मंडळी दगड रचून पाणी अडवतात, त्यात बाटल्या थंड करतात. त्यांतल्या कोणाला दुष्ट म्हणता येणार नाही. दगडाखाली कोणाचे घर आहे, हे दिवसा त्या दगडाकडे पाहून कळण्याची सोय नाही.

याच्या जोडीला पाऊस बदलतो आहे. २२ आणि २३ जुलै २०२१च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात डोंगर खचले, घरे गाडली गेली, माणसे गेली. त्या दिवसांत बेडकाची काळजी करणे कोणालाही शोभले नसते आणि मीही केली नाही. पुढच्या पावसाळ्यात आम्ही ओळखीच्या ओढ्यांवर गेलो, तेव्हा काही ओढ्यांचा तळ धुऊन नुसता कातळ उरला होता आणि काठावर नवी, उघडी, लालसर माती होती. जिथे दोन्ही बाजूंची झुडपे घट्ट मुळे धरून उभी राहिली होती तिथे पात्र फारसे हललेले नव्हते, आणि रात्री तिथे हाका होत्या. जिथे काठ आधीच मोकळा केला होता तिथे पाण्याने आणखी माती कापून नेली होती. एका ओढ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण कारवीची आणि उंबराची मुळे दरड धरून ठेवतात, हे घाटातल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. बेडकाला हवा असलेला काठ आणि माणसाला हवा असलेला काठ हे मुळात एकच आहेत, एवढे तरी म्हणता येते.

जगभरातल्या उभयचरांची स्थिती २०२३ साली पुन्हा तपासली गेली तेव्हा त्यांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. मध्य अमेरिकेतल्या डोंगरी ओढ्यांवरचे कितीतरी बेडूक एका कातडीच्या बुरशीने काही वर्षांत संपवले. ती बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे, परंतु इथे तशी मृत्यूची लाट दिसलेली नाही. रातबेडूक जागतिक यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. त्याच्यावरचे संकट बुरशीइतके नाट्यमय नाही. ते फावड्याचे, पाइपाचे आणि रेलिंगचे आहे, म्हणजे आपल्या आटोक्यातले. पनामातल्या माणसांना ओढ्याकाठी उभे राहून मरणारे बेडूक गोळा करून काचेच्या पेट्यांत ठेवण्यावाचून इलाज उरला नव्हता. आपल्याला फक्त काही ठिकाणी काही न करण्याची गरज आहे, आणि सरकारी व्यवस्थेत काही न करणे मंजूर करून घेणे हे किती अवघड काम आहे, ते बिले तपासताना मी रोज पाहते.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या गावात ओढ्यावरच्या मोरीचे काम निघाले. त्यांचा पुतण्या ग्रामपंचायतीत आहे. त्याने अंदाजपत्रक दाखवायला आणले, कारण मी हिशेबाची. दुसऱ्याच ओळीत ‘दोन्ही बाजूंची झाडेझुडपे काढून जागा साफ करणे’ अशी बाब होती, मजुरीच्या दरासकट. मी म्हटले, मोरीच्या तोंडाला जेवढे लागते तेवढे काढा, पण वरच्या अंगाला काठाला हात लावू नका असे इथे लिहून घेता येईल का? पुतण्या विचारात पडला. कमी काम लिहिले तर साहेब काय म्हणतील, ही त्याची अडचण. मामा पडवीत तंबाखू मळत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारले, “काय काढू नगा म्हनत्यात ताई?” त्याने सांगितले. “मग त्येवढी मजुरी वाचली की,” ते म्हणाले. “लिव तसं.”